गोष्ट नाही शिकवली, घटक शिकवलेत

आज संध्याकाळी शेजारची पाचवीतली लेक वही घेऊन आली, "काका, पाठ झालं का बघा" म्हणाली. गोष्टीचे घटक होते: पात्र, स्थळ, काळ, समस्या, घटनाक्रम, शेवट, तात्पर्य. धडाधडा म्हणून दाखवलं, एक चूक नाही. मी म्हणलं शाब्बास, आता एखादी गोष्ट सांग बरं. लेकरू गप्प. वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "गोष्ट नाही शिकवली काका, घटक शिकवलेत."

तेव्हापासून डोकं फिरलंय. जेवण गोड लागलं नाही. अरे काय चालवलंय हे? ज्या मुलखात जात्यावर, पारावर, कीर्तनात, कापूस वेचता वेचता गोष्टी चालायच्या तिथल्या लेकराला सात नावं पाठ आहेत आणि गोष्ट एक सांगता येईना!

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो तेव्हा निम्मा वर्ग दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला जायचा, तो मार्च-एप्रिललाच परत. असाच एक पाचवीतला पोरगा परत आला, मी वर्गात विचारलं काय केलं रे एवढे महिने, तर उभा राहिला आणि पहिलंच वाक्य बोलला, "गुरुजी, चढावर बैल बसला."

वर्ग चिडीचूप.

पहाटेचा अंधार, उसानं भरलेली टायरगाडी, कारखान्यावर नंबर लावायचाय आणि बैल उठेना. बापानं चाबूक उगारला तर आई मधी पडली. मग दोघांनी निम्म्या मोळ्या खाली टाकल्या, आईनं पदर ओला करून बैलाचं तोंड पुसलं. "आन् मग उठला." एवढं बोलून पोरगा खाली बसला. तर मागून एक पोरगी म्हणाली, "आन् खाली टाकलेल्या मोळ्यायचं काय झालं?"

ह्या प्रश्नात सगळं कथानक आलं की हो! आणि चढावर बैल बसला, शब्द किती? तीन. चढ ही जागा, बैल हे पात्र, बसला ही अडचण. पाचवी-सहावीच्या लेकरांना फक्त विचारायचं, बैल सपाटीला बसला असता तर? गाडी रिकामी असती तर? लेकरं आपणहून म्हणतात, मग गोष्टच नसती झाली गुरुजी. हां, ह्यालाच समस्या म्हणतात, आता लिहा वहीत. बापाला नंबर पाहिजे होता, आईला बैल पाहिजे होता, हे कळलं की पात्र कळलं. नाव मागून, गोष्ट आधी, एवढंच तर आहे.

स्थळ-काळाचं पण तेच. "स्थळ: जंगल, काळ: फार पूर्वी", रिकाम्या जागा भरल्यासारखं. आपल्या मुलखातल्या शाळेत हे असं शिकवायलेत! किल्लारीच्या भूकंपाचं सांगा ना लेकरांना. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं, डोक्यावर दगडमातीची जड घरं. तोच भूकंप भरदुपारी झाला असता, माणसं रानात असती, तर किती घरची गोष्ट वेगळी झाली असती. लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही आजीला विचारा, ती वेळेपासूनच सुरुवात करते, तिला काळ हा घटक कुणी शिकवला नव्हता.

आता म्हणाल परीक्षेत 'मुद्द्यांवरून कथा लिहा' येतं, मार्क असतात, नावं यायलाच पाहिजेत. पाहिजेत, मान्य. भिणाऱ्या लेकराला मुद्द्यांचा आधार होतो, तेही खरं.

पण एवढं चिडून लिहायलोय त्याचं खरं कारण आता सांगतो, जे इतक्या वर्षांत घरात पण बोललो नाही. त्या बैलवाल्या पोराचा वार्षिक परीक्षेचा पेपर मीच तपासला होता. मुद्दे होते तहानलेला कावळा, मडके, तळाशी पाणी, खडे. पोरानं चार ओळी लिहिल्या. शीर्षक नाही, तात्पर्य नाही. आणि मधीच लिहिलं होतं, "एवढे खडे उचलून कावळ्याची चोच दुखली आसन." मी त्या ओळीवर लाल पेननं काट मारली, मुद्द्यात नव्हतं म्हणून. पाचापैकी दीड मार्क. मोळ्या वाहून आईची मान कशी दुखते हे रोज बघणारं लेकरू होतं ते, त्यालाच कावळ्याची चोच दिसली, आणि मला तात्पर्य पाहिजे होतं. पुढच्या वर्षी तो ऊसतोडीला गेला तो शाळेत परत आलाच नाही.

असो. शेजारच्या लेकीला मघाशी म्हणलं, वही ठेव बाजूला, काल घरी काय झालं ते सांग. थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसली, मग हळूच म्हणाली, "आजीनं काल तिची लोखंडी पेटी उघडली. ती कुणालाच हात लावू देत नाही." मग कुलूप गंजलेलं, किल्ली आजीच्या गळ्यात, दार लोटून घेतलेलं, आणि ही फटीतून बघायली. सांगता सांगता मधीच थांबली, "काका, याचं तात्पर्य काय लिहू?"

काही लिहू नको बाई, म्हणलं, पेटीत काय निघालं ते सांग आधी.