गोळी झाडणारो कोण होतो?

सावंतवाडीत मोती तलावाच्या कठड्यावर काल वाद पेटला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. "गोव्यात शरण आलेल्या पोर्तुगीज सोल्जरांची मला कीव येते."

अण्णा उसळलेच. "कीव? माझो बापूस १५ ऑगस्ट १९५५ क गोव्याच्या हद्दीर पत्रादेवीक सत्याग्रहात होतो. हातात झेंडो, दुसरा काय नाय. समोरसून गोळये इले!"

"ते कोण नाकारतंय, अण्णा? पण डिसेंबर १९६१ बघा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता, जिंका नाहीतर मरा, कैदी होऊ नका. समोर आपलं पायदळ, विमानं, युद्धनौका. गव्हर्नर वासालो ई सिल्वाने १९ तारखेला शरणागती दिली म्हणून तीन हजारांवर पोरं जगली. मे १९६२ मध्ये ती सुटून लिस्बनला उतरली, तर धक्क्यावर बंदूकधारी लष्करी पोलीस! गव्हर्नरला तर सैन्यातूनच काढलं."

मी मास्तरांच्या बाजूने बोललो. १९६१ मध्येच आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती पेटू लागल्या होत्या, आधी अंगोला, मग गिनी, मग मोझांबिक. तेरा वर्षांत आठ लाखांवर माणसं त्या युद्धांत उतरवली. खेड्यातला पोरगा सक्तीने भरती व्हायचा, बोटीत बसायचा आणि दोन वर्षं रानात काढायचा. घराशी दुवा म्हणजे एरोग्राम, आपल्या आंतर्देशीयासारखा घडीचा कागद, त्याला तिकीटही लागत नसे.

"विरियामू विसरलास?" डॉक्टर म्हणाले. "मोझांबिक, डिसेंबर १९७२. पोर्तुगीज कमांडोंनी शेकडो गावकरी मारले. बायका, तान्ही पोरं. तेही घरी एरोग्रामच लिहीत असतील."

यावर मी गप्प झालो. सक्तीची भरती म्हणून विरियामू धुऊन निघत नाही, हे मला मान्यच आहे. पण त्याच सैन्यातल्या कॅप्टनांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनची हुकूमशाही उलथवली, हेही खरं. आणि गिनीतले काळे सैनिक? पोर्तुगालच्या गणवेशात लढले, पोर्तुगाल निघून गेलं, ते तिथेच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यातल्या कितीतरी जणांना गोळ्या घातल्या. मला सगळ्यात जास्त त्यांचं वाईट वाटतं.

मास्तर म्हणाले, "१९७४ नंतर वासालो ई सिल्वाला हुद्दा परत मिळाला."

अण्णा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "पत्रादेवीक गोळी झाडणारो कोण होतो, ता बापसाक कधी कळाक नाय. विसेक वर्साचो असतलो."