सर्व्हरवरून बॅन झालात? शिवी दिली म्हणूनच असेल असं नाही

चॅट सर्व्हरवरून (म्हणजे ऑनलाइन गप्पांच्या अड्ड्यावरून) कुणी उडाला की मंडळी धरूनच चालतात, शिवीगाळ केली असणार. शिवीचं प्रकरण सोपं असतं हो. मॉडरेटर, म्हणजे सर्व्हरचा राखणदार, टाइमआउट लावतो, ठरावीक काळ बोलणं बंद (डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर जास्तीत जास्त २८ दिवस), डोकं थंड झालं की माणूस परत येतो. कायमचे बाहेर पडणारे बरेचदा वेगळ्याच कारणाने पडतात.

पहिलं कारण, चोरीला गेलेलं अकाउंट. ओळखीच्याच नावाने मेसेज येतो, "फुकट नायट्रो (डिस्कॉर्डची पैसे देऊन मिळणारी सेवा) आहे, हा क्यूआर स्कॅन कर." तो क्यूआर असतो लॉगिनचा. डिस्कॉर्ड ॲपमधून स्कॅन करून 'हो' दाबलंत की पासवर्ड न विचारताच समोरचा तुमच्या अकाउंटमध्ये. मग क्रिकेट, नोकऱ्या, गप्पा, दिसेल त्या चॅनेलवर तुमच्या नावाने एकच लिंक पडते, वर सगळ्यांना टॅग. बॉट (आपोआप राखण करणारा प्रोग्रॅम) बॅन मारतो आणि तुमचे आधीचे मेसेजही पुसतो. बॉट चुकला असं मला वाटत नाही. त्या घडीला अकाउंट तुमच्या ताब्यात नव्हतंच.

बॅन झाल्याचं डिस्कॉर्ड सांगत नाही. सर्व्हर यादीतून नुसता गायब होतो. मग माणूस नेमकं नको ते करतो: नवं अकाउंट काढून मागच्या दाराने शिरतो. इथे खरी माती होते. पहिला बॅन गैरसमजातून झालेला असू शकतो, पण बॅन चुकवून आत येणं हा बहुतेक सर्व्हरवर स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यानंतर मूळ बॅन कुणी उघडून बघत नाही.

आता ॲडमिन लोकांचे कान उपटतो. आपल्याकडे आयपी (नेटवरचा पत्ता) बघून बॅन करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे ढिगाने ग्राहक बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीत केबलवाल्याकडून घेतलेल्या नेटचंही अनेकदा तेच. लालबागच्या एखाद्या चाळीत एका पोराने धुडगूस घातला म्हणून पत्ता अडवलात, तर त्याच लाइनवरचे बाकीचे बाहेर; आणि तो पोरगा फोनचा डेटा बंद-चालू करून दुसऱ्या पत्त्यावरून हजर! १९८८ पासून चालत आलेल्या आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीवर तर पत्त्याच्या शेवटच्या आकड्याजागी चांदणी (*, म्हणजे 'कोणताही आकडा') टाकली की एका फटक्यात २५६ पत्ते बंद. तशी चांदणी टाकायचीच असेल तर मुदत घाला, २४ तास पुष्कळ झाले.

आयआरसीवर मुंबईकराची आणखी एक पंचाईत असते, लोकल. दादर ते ठाणे रेंज चारदा जाते, क्लायंट (फोनवरचं चॅट ॲप) चारदा आपोआप जोडला जातो, आणि चॅनेलभर 'आला, गेला, आला, गेला'. हे बघून बॉट तुम्हाला बाहेर ठेवतो. उपाय बाउन्सर: झेडएनसीसारखा प्रोग्रॅम एखाद्या सर्व्हरवर कायम चालू ठेवायचा, फोन त्याला जोडायचा. फोन तुटला तरी चॅनेलला पत्ता लागत नाही. वीस ओळींचा कोडही एका दमात चिकटवू नका, पूर समजून सर्व्हरच तोडतो. पेस्टबिनसारख्या साइटवर मजकूर ठेवून त्याची लिंक द्या.

दाद मागायची तर आधी घर साफ करा. पासवर्ड बदला, त्याने सगळीकडची लॉगिन तुटतात. सेटिंग्जमधल्या 'ऑथराइज्ड ॲप्स'मधून अनोळखी ॲप काढा, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड) लावा. मग सेटिंग्जमधला डेव्हलपर मोड चालू करून आपला युजर आयडी कॉपी करा. नाव बदलता येतं, तो लांबलचक आकडा नाही. अर्जात आयडी, अंदाजे वेळ, काय घडलं आणि काय दुरुस्त केलं, एवढ्या चार ओळी. 'मी काहीच केलं नाही' हे वाक्य मॉडरेटर दिवसभर वाचत असतो. आणि एकाच मॉडरेटरला पाच-पाच डीएम (खासगी मेसेज) टाकू नका, त्याचाही वेगळा बॅन असतो.