स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘एका अंगात दोन माणसं’ नव्हे

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी घरांत सध्या एक मेसेज फिरतो आहे: ‘स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं. डिप्रेशन वाढलं की तोच होतो. असे लोक कधीही अंगावर येतात. औषधांनी नुसती झोप लागते. लग्न लावून द्या, ताळ्यावर येतील.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

ओळखच बदलणं, मधल्या काळाचं काही न आठवणं, हा निराळा आणि विरळा आजार: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. स्किझोफ्रेनियात माणूस तोच असतो, पण खरं काय नि भास काय हे त्याला उमगेनासं होतं. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, पुष्कळदा त्यालाच नावं ठेवणारे. महाराज बाड्याच्या चौकात उभा असलेला प्रत्येक जण आपल्यावर पाळत ठेवतोय, अशी त्याची खात्री असते. ओसीडी, म्हणजे तेच विचार नि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असलेल्याला बहुधा कळतं की हात धुण्याचा हा विचार आपलाच आहे आणि फोल आहे. इथे ते भान अनेकदा हरवतं. म्हणून वाद घालून समजूत पटत नाही.

डिप्रेशन वाढून स्किझोफ्रेनिया होत नाही. तीव्र डिप्रेशनमध्ये आणि बायपोलरमध्येही (उदासी आणि उन्माद यांचे झटके येणारा आजार) भास होतात, पण ते मनःस्थितीच्या त्या चढउतारासोबत येतात आणि तिच्याबरोबरच ओसरतात. स्किझोफ्रेनियात मन उदास नसतानाही ते टिकतात. म्हणून डॉक्टर घाई करत नाहीत: डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, आणि गांजा, अपस्मार (फिट येणं), इतर शारीरिक कारणं आधी वगळावी लागतात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. बायपोलरच्या रुग्णाला नुसतीच डिप्रेशनची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

मेसेजमध्ये जे नाही, ते मला सगळ्यात जास्त सलतं. आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, तोही पुष्कळदा गुपचूप. मुलगा बोलेनासा होतो, आंघोळ टाळतो, कॉलेज सुटतं, चेहऱ्यावरचे भाव जातात. घरचे म्हणतात, आळशी झालाय. तो आळस नसतो, आजाराचंच लक्षण असतं, आणि त्यात उपचाराविना महिने जातात.

अंगावर येण्याचं म्हणाल, तर बहुतेक रुग्ण हिंसक नसतात; उलट त्यांनाच मारहाण आणि फसवणूक जास्त सोसावी लागते.

औषधं १९५२ पासून, क्लोरप्रोमाझीन या पहिल्या औषधापासून, वापरात आहेत. काहींनी सुस्ती येते, वजन वाढतं, हे खरं. तेव्हा डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तिघांपैकी किमान एक जण पूर्ण बरा होतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आपल्या मनाने गोळी बंद केली की आजार उलटण्याचा धोका वाढतो.

आणि लग्न? त्याने आजार बरा होत नाही. आजार लपवून केलं तर दोघांचाही घात होतो. घरात अशी लक्षणं दिसत असतील तर मुहूर्त बघण्याआधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. आपल्याकडे मानसिक आरोग्यशाळा गावातच आहे, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत लागतो.