लिफ्ट हळू चढते म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह आवळू नका

‘जुन्या बॅटरी फोर्कलिफ्टवर सहा रामबाण उपाय, इंजिनियर बोलवायची गरज नाही’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. आता तो भाच्याने पाठवला. त्याने भोसरीच्या शेडसाठी जुनी ४८ व्होल्टची गाडी घेतलीय. मेसेजखाली त्याचा एकच प्रश्न : ‘मामा, तो स्क्रू कुठे असतो?’

तो स्क्रू म्हणजे पहिला उपाय. ‘लिफ्ट हळू चढत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह दोन आटे आवळा.’ हे लिहिणाऱ्याला फ्लो आणि प्रेशर यांतला फरक कळत नाही. मास्ट, म्हणजे माल वर नेणारा पुढचा उभा सांगाडा, किती वेगाने चढणार हे हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह (फ्लो) ठरवतो. रिलीफ व्हॉल्व्ह फक्त दाबाची (प्रेशरची) कमाल मर्यादा ठरवतो. नळाला पाणी बारीक येतंय म्हणून गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो बुजवण्यातला हा प्रकार. फोर्कवर माल नसतानाही मास्ट रेंगाळत असेल, तर दाब त्या मर्यादेच्या जवळपासही पोचलेला नसतो. मग आवळून काय मिळणार?

आधी तेल ढकलणाऱ्या पंपाच्या मोटरचा आवाज ऐका. मोटर दबलेली, कण्हत फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूला. लिफ्ट दाबून धरा आणि बॅटरीवरचे व्होल्ट, मग मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट बघा. मधला फरक केबलचे लग (टोकाच्या धातूच्या टोप्या), प्लग आणि कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) खातायत. मोटर २०० अँपिअर ओढत असताना एखाद्या सैल लगमध्ये ०.०१ ओहम रोध असला, तर तिथे २ व्होल्ट पडतात आणि ४०० वॅटची उष्णता होते. तो लग काळा का पडलाय, ते यावरून कळावं. बॅटरीवरच व्होल्ट कोसळत असतील तर २४ सेल एकेक करून लोडवर तपासा; मेलेला सेल लगेच उघडा पडतो. मोटर जोरात फिरतेय पण मास्ट हलत नाही, तर तेलाची पातळी, सक्शनची जाळी, मग पंप. जाळी तुंबली की पंप किंचाळतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि गाडी चालते पण लिफ्ट अजिबात उचलत नाही? आधी बॅटरी मीटर बघा. बॅटरी साधारण ८० टक्के उतरली की बऱ्याच गाड्यांत मीटरच लिफ्ट बंद करतो. तो दोष नाही, चार्जिंगला लावा.

एवढं मान्य करतो की रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकतो, स्प्रिंग थकते. पण ते गेज लावून, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून कळतं. अंदाजाने आवळलं तर गाडी प्लेटवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त उचलू लागते, मागची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग असतं मागच्याच चाकांना. अमेरिकेच्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, फोर्कलिफ्टचा नियम १९१०.१७८ स्पष्ट सांगतो की क्षमतेवर आणि सुरक्षित वापरावर परिणाम करणारा बदल उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय वापरणाऱ्याने करायचा नाही. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण गाडी कुठेही तशीच उलटते.

सीट स्विचला जम्पर मारायचा, म्हणजे वायर जोडून तो निकामी करायचा, दुसरा उपायही याच नियमात बसत नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या जुन्या कंट्रोलरमध्ये बिघाड झाला आणि गाडी आपोआप पळाली, तर ऑपरेटर उठल्यावर मेन कॉन्टॅक्टर सोडवणारा तोच स्विच असतो. विजेच्या दुरुस्तीआधी बॅटरीचा प्लग काढा, हेही तिथेच लिहिलंय. प्लग काढल्यावरही कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवून मगच हात घाला.

‘बॅटरी उतरते म्हणून ॲसिड टाका.’ नाही. चार्जिंगमध्ये पाणी उडतं, ॲसिड नाही. उतरलेल्या सेलमधलं ॲसिड प्लेटमध्ये सल्फेट होऊन बसलेलं असतं, चार्ज झालं की परत येतं. वरून ओतलं तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) पूर्ण चार्जच्या १.२८० च्या पुढे जाईल, तुम्ही खूश व्हाल, आणि प्लेट खाल्ल्या जातील. डिस्टिल वॉटर टाका, तेही चार्जिंगनंतर.

कॉन्टॅक्टरचे पॉइंट घासायचा उपाय : तांब्याचे असतील तर बारीक कानस चालते. चांदीच्या मिश्रधातूचे नुसते काळे पडले असतील तर हात लावू नका, ते तसेही चालतात. हायड्रॉलिकमध्ये इंजिन ऑइल ओतायच्या उपायाबद्दल : काही जुन्या पुस्तकांत पातळ १०डब्ल्यू चालतं असं लिहिलेलं असतं, खरं आहे. म्हणून गॅरेजमधलं जाड २०डब्ल्यू-५० ओतायचं नसतं.

शेवटचा उपाय वाचून मात्र संताप आला. ‘होजची गळती बोट फिरवून शोधा.’ सुईएवढ्या छिद्रातून शंभर बारच्या वर दाबाने येणारं तेल हातमोज्यातूनही कातडीत घुसतं. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फार, आणि आत बोट सडायला लागतं. गळती पुठ्ठ्याने शोधा, हात लांब ठेवून. तरीही कुणाला लागलंच, तर मलम लावून घरी पाठवू नका. तासाभरात ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या, आणि ‘काहीतरी टोचलं’ असं न सांगता ‘हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय’ असं सांगा.