माउस आधी कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, तरी मुद्देसूद आहे. म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरचा माउस खरा जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीचा, अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट म्हणजे आयत्या बिळावर नागोबा (उंदराच्या विषयात ही म्हण झकास बसली), आणि चाकं लावलेल्या लाकडी ठोकळ्याला शोध म्हणणं हा अमेरिकेचा फुकटचा उदोउदो.

आधी तारखा. टेलिफुंकेनची ‘रोलकुगेल’, म्हणजे तळाशी चेंडू असलेला त्यांचा माउस, २ ऑक्टोबर १९६८ च्या माहितीपत्रकात दिसते, तर एंगलबार्टचं सॅन फ्रान्सिस्कोतलं गाजलेलं प्रात्यक्षिक ९ डिसेंबर १९६८ चं. तुमचा सगळा डोलारा या दोन तारखांवर उभा आहे. पण लोकांना दाखवला त्या दिवशी माउस जन्माला आला असं थोडंच आहे? एंगलबार्टच्या कल्पनेवरून त्याचा सहकारी बिल इंग्लिशने पहिला ठोकळा स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ सालीच बनवला होता. पेटंटचा अर्जही १९६७ चा.

रोलकुगेलचं मोल याने कमी होत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या पडद्यांसाठी ट्रॅकबॉल (जागच्या जागी हाताने फिरवायचा चेंडू) बसवायचा तर टेबलाला भोक पाडावं लागे. टेलिफुंकेनच्या राइनर मालेब्राइन यांनी तो चेंडूच उपडा केला आणि टेबल वाचवलं. एंगलबार्टच्या ठोकळ्यात चेंडू नव्हता, त्यामुळे तो मान निर्विवाद जर्मनांचा. पुरेसं नावीन्य नाही म्हणून त्यांना पेटंट नाकारलं गेलं, याची हळहळ मलाही आहे.

आता ‘त्यात अक्कल कसली’ याबद्दल. एंगलबार्टच्या ठोकळ्याखाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं होती. आडवं सरकवलं की एक फिरायचं आणि दुसरं नुसतं घसटायचं. तिरकं नेलं की दोन्ही थोडी फिरायची, थोडी घसटायची. रचना ओबडधोबड होती, कबूल. पण माझ्या मते खरी अक्कल त्यानंतर दिसली. नासाच्या पैशातून एंगलबार्टच्या मंडळींनी माउस, लाइट पेन (थेट पडद्यावर रोखायचं पेन), जॉयस्टिक वगैरे साधनं एकाच कामाला लावून वेळ आणि चुका मोजल्या. त्यात टेबलाखाली बसवलेला एक दांडाही होता. गुडघा डावीउजवीकडे हलवला की पडद्यावरची खूण आडवी सरके, पाऊल वरखाली केलं की उभी. तुम्ही हसाल, पण नवख्यांच्या बाबतीत हा गुडघा माउसपेक्षा जलद ठरला! हात कीबोर्डवरून उचलायलाच नको ना. लाइट पेननेही नवख्यांच्या हातात माउसला मागे टाकलं. सरावलेल्या लोकांच्या हातात मात्र माउस वेगात आणि अचूकपणात पुढे गेला. स्वतःच्या अपत्याला असं इतरांच्या रांगेत उभं करून पाहणारे संशोधक मला तरी जास्त भावतात.

पैशांचं म्हणाल तर माउसचं पेटंट स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मालकीचं होतं. एंगलबार्टला रॉयल्टीची दमडीही मिळाली नाही.

आणि ‘आधी कोण’ हाच निकष लावायचा, तर जर्मनांवर का थांबता? ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्येच ट्रॅकबॉलची कल्पना मांडली होती. कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात तर १९५२ च्या सुमारास चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता. मालेब्राइन यांनी उपडा केला तो ट्रॅकबॉल मुळात यांचा. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा.