आमचा रविवार सोमवारी साडेबाराला संपतो

शनिवारची दुपार झाली की आमच्या घरात सुतक लागतं. कोणी गेलेलं नसतं. माझ्या वेबसाइटवर रोज येणारी माणसं तेवढी गेलेली असतात.

वेबसाइट म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. विक्रीचा आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की जीएसटी किती, व्याज किती, उशीर झाला असेल तर भुर्दंड किती ते निघतं. 2017 साली दोन गोष्टी घडल्या. आमचं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि 1 जुलैला जीएसटी आला. पहिलीने शहर सुधारलं, दुसरीने मी बिघडलो. रिटर्न भरायला उशीर झाला की दिवसाला 50 रुपये, काहीच धंदा केला नसेल तरी 20. हा हिशोब करताना माणसं घाबरतात, आणि त्यांच्या घाबरण्याच्या कडेकडेने ज्या जाहिराती लागतात त्यांवर माझं चालतं. म्हणजे स्कूटरच्या पेट्रोलचं चालतं.

पैसे डॉलरमध्ये येतात. तेही 100 डॉलर साठल्याशिवाय कंपनी एक छदाम सोडत नाही. पण इंदूरच्या माणसाला डॉलरमध्ये दुःख नीट होत नाही, म्हणून मी पोह्यांत हिशोब ठेवतो. मंगळवार-बुधवारी दिवसाला आठ प्लेटा. शुक्रवारी सहा. शनिवारी तीन. आणि रविवारी, सगळं शहर पोह्याच्या ठेल्यावर उभं असताना, माझ्या नावावर दोन प्लेटा, त्याही जिलेबीशिवाय.

सुरुवातीला मला हे माझंच पाप वाटायचं. शनिवारी आकडा पडला की मी साइटवर उपचार सुरू करी. निळं बटण नारिंगी केलं. वरची जाहिरात मध्ये घेतली. सोमवारी आकडा चढला आणि नारिंगी रंग लागू पडला म्हणून मी बायकोला मिठाई आणली. पुढच्या शनिवारी नारिंगीने दगा दिला, मग हिरवं. असं करत दोन वर्षांत त्या बटणाने इंद्रधनुष्य पुरं केलं. कावळा दर सोमवारी बसत होता, फांदी दर शनिवारी मोडत होती, आणि मी झाडाला रंग देत होतो.

रोग ओळखला तो आमच्या काकांनी. काका बँकेतून निवृत्त. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात पुढची खोली त्यांची, आणि टॅबलेटही त्यांचाच. एकदा माझ्या आलेखाकडे बघून म्हणाले, "हे काय रे? पाच दात आणि दोन पडलेले, पुन्हा पाच दात आणि दोन पडलेले."

"मंदी आहे काका."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पडदा नाकाला लावला आणि बोटाने एकेक खाच मोजली. "ही उथळ. ही खोल. ही उथळ. ही परत खोल." मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते पूर्वी सही न जुळणाऱ्या चेकवाल्याकडे टाकत असणार. "अरे, खोल आहेत ते दुसरा आणि चौथा शनिवार! सप्टेंबर 2015 पासून बँका बंद असतात. तुझ्याकडे येणारी माणसं म्हणजे कारकून आणि मुनीम. ती घरी बसली, की तू बसलास."

एवढं साधं. माझी साइट कुणाला आवडत-नावडत नव्हतीच मुळी. कुणीतरी पगार घेऊन नाइलाजाने ती उघडत होतं, आणि सुट्टीच्या दिवशी नाइलाज नसायचा.

माणसं कमी आली तर कमाई त्या प्रमाणात कमी व्हावी, हेही काकांना पटेना. माणसं निम्मी आणि पैसे पाव, हे कसं? मग मला लिलाव समजावून सांगावा लागला. पान उघडतं तेवढ्या निमिषात त्या जागेची बोली लागते. हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणारे, धंद्याला कर्ज देणारे, हे माझे बोलीवाले. रविवारी त्यांचे फोन उचलायला माणूस नसतो, म्हणून ते हात आखडतात. मग हजार वेळा पान दिसल्यामागे जो भाव मिळतो, ज्याला आम्ही आरपीएम म्हणतो, तोही झोपतो.

"पण मंडीत आवक घटली की भाव चढतो," काका म्हणाले. "तुझ्याकडे आवकही कमी आणि भावही पडलेला?"

"व्यापारीच येत नाहीत ना."

"मग मंडी बंद ठेव."

हे सुचलं नव्हतं असं नाही.

आता घड्याळाचं सांगतो, कारण खरी ठेच तिथे आहे. माझ्या जाहिरातींच्या खात्याचा दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री बदलतो. म्हणजे इंदुरात उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतलं की दीडला. येणारी माणसं मोजणारं पान मात्र भारतीय वेळेने चालतं. त्यामुळे रविवारी सकाळी साइटवर रविवार असतो आणि गल्ल्यात अजून शनिवार. आणि सोमवारी सकाळी, सगळा देश कामाला लागलेला, माणसं भराभर येताहेत, तरी ती कमाई पडते रविवारच्याच खात्यात. आमचा रविवार सोमवारी साडेबाराला संपतो. तोवर मी जेवत नाही. बायको म्हणते, "तुमचा सोमवारचा उपास महादेवासाठी असता तर काही पुण्य तरी लागलं असतं."

एका रविवारी ठेल्यावर उभा होतो. तपेल्यातून वाफ येतेय, पोहेवाला मूठभर पोहे उचलतो, वर शेव, कांदा, चिमटीने जिरावण मसाला, आणि दुसऱ्या हाताने पुढची प्लेट. मी एका हाताने खात, दुसऱ्या हाताने गेल्या तीस मिनिटांचा आकडा बघत होतो. माणसं: एक. मी सहज विचारलं, रविवारी धंदा कसा असतो? तो म्हणाला, "भिया, इतवार को तो डबल बनाना पड़ता है." घास घशाखाली उतरेना. इतक्यात नीट पाहिलं, तर तो एक माणूस इंदूरचाच निघाला, आणि अर्ध्या तासात जाहिरातींवर नऊ वेळा टिचकी मारून बसला होता.

प्लेट टाकून घरी धावलो. काका टॅबलेट घेऊन बसलेले, चेहऱ्यावर दानशूराचं तेज. "तुला म्हटलं हातभार लावावा."

घरच्यांनी असं केलं तर टिचक्या बाद होतात, पैसे कापतात, कधी खातंच बंद करतात, हे सांगताना माझा आवाज चढला असावा. काका दुखावले. "लोकांचं भलं करायची सोयच राहिली नाही," म्हणाले. मग जरा वेळाने, "एका ठिकाणी फॉर्मही भरलाय तुझ्या नावाने. धंद्याला पाच लाख देतो म्हणतात." तो कर्जवाला पुढे दोन महिने मला फोन करत होता. रविवार सोडून.

मधल्या काळात बायकोने उपाय काढला: रविवारी माणसं खातात, तर खाण्याचं टाक. म्हणून जीएसटीच्या पानाशेजारी भुट्ट्याचा कीस आला. तिने कोवळी कणसं किसली, तुपात हिंग-मोहरीची फोडणी, दूध घालून कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळलं, मी फोटो काढले. रविवारी माणसं खरंच आली. पण त्या पानाला भाव इतका क्षुल्लक, की महिन्याभरात वरच्या कोथिंबिरीचे पैसे निघाले नाहीत. शिवाय एका गृहस्थाने पत्र पाठवून विचारलं, की कीस किती टक्क्यांत बसतो. कीस बाकी फर्मास झाला होता.

आणि मग 2025 चा जुलै. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल पेनने गोल केला. महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख 20, आणि 20 जुलै चक्क रविवारी! म्हणजे यच्चयावत मुनीम सुट्टीच्या दिवशी दुकानात. माझ्या आयुष्यातला पहिला आठ प्लेटांचा रविवार.

पण पाऊस चांगला झाला होता, आणि घरच्यांनी पाताळपाणी ठरवून टाकलं होतं. मी नाही म्हणालो, बायकोने नुसतं पाहिलं, मी गाडीत बसलो. धबधबा भरात होता. सगळे भाजलेलं कणीस खात वाकून बघत होते आणि मी पाठ करून, हात वर धरून, टेकाडावर रेंज शोधत फिरत होतो. एका लहान मुलाने आईला विचारलं, हे काका आशीर्वाद का देताहेत?

संध्याकाळी महूच्या अलीकडे रेंज आली. फोन थरथरला. ज्या सर्व्हरवर साइट ठेवली होती त्याचं पत्र होतं: गर्दी मर्यादेबाहेर गेल्यामुळे आपली सेवा सकाळी 11:40 पासून स्थगित केली आहे.

"होतं असं," काका मागच्या सीटवरून म्हणाले. "बँकेतही पगाराच्या दिवशीच लाइन जायची." त्यांना मनापासून बरं वाटत होतं, असा मला आजही संशय आहे.

घरी येताच त्यांनी मोबाइलवर पुढची वर्षं चाळली आणि जाहीर केलं, आता 20 तारीख रविवारी येते ती थेट सप्टेंबर 2026 मध्ये. मी त्याच रात्री मोठ्या सर्व्हरची चौकशी केली. वर्षाचे पैसे आगाऊ मागत होते, भरले.

बायको तारीख ऐकून स्वयंपाकघरातून बाहेर आली, ओले हात पदराला पुसले, काकांच्या खांद्यावरून महिना पाहिला.

"तेव्हा गणपती बसलेले असतील," ती म्हणाली. "त्या दहा दिवसांत घरात लॅपटॉप उघडायचा नाही, सांगून ठेवते."