दोरी म्हणायचं नाही

मुंबईच्या माणसाला दिशा शिकवायच्या भानगडीत पडू नये. ईस्ट, वेस्ट, अप, डाऊन, पुढचा डबा, मागचा डबा, एवढ्यावर त्याचा जन्म निघतो. तरीही माझ्या मेहुण्याने मला शिडाच्या होडीच्या वर्गात ओढलंच. "भाऊजी, आपण समुद्राकाठची माणसं," म्हणाला. राहतो कल्याणला.

होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे मला ठाऊक होतं. सरांना ते बो लागत होतं, मागचं स्टर्न. तेही चाललं असतं. पण डावं-उजवं विसरा, म्हणाले. नाळेकडे तोंड केलं की डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. मग तुम्ही पाठमोरे व्हा नाहीतर आडवे पडा, पोर्ट जागची हलत नाही. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. लक्षात ठेवायची युक्तीही दिली: इंग्रजीत लेफ्टची अक्षरं चार, पोर्टचीही चार. मी मनातल्या मनात मराठीत मोजून पाहिलं. पोर्ट दोन, डावा दोन, लाल दोन. वा! उजवा तीन, हिरवा तीन. स्टारबोर्ड चार. एका गड्याने सगळा हिशोब नासवला.

खरा जाच दोऱ्यांचा. होडीभर दोऱ्याच दोऱ्या, पण दोरी म्हणायचं नाही. शीड वर चढवते ती हॅलयार्ड. चढलेलं शीड आवळते नि सैल सोडते ती शीट. नाळेला असते, होडी बांधायला नाहीतर ओढायला, ती पेंटर. हे ठरवणाऱ्या माणसाच्या घरात किती भांडणं होत असतील! आमच्याबरोबर बदलापूरचा एक तरुण होता. वारा वाढला तसे सर ओरडले, "शीट पकड, शीट!" बदलापूरच्या माणसाला हे काय सांगायला हवं? तो झटकन बसला, आणि शेजारी पिशवी ठेवून माझ्यासाठीही जागा धरली.

शिडाच्या खालच्या कडेला आडवा दांडा असतो, तो बूम. होडीची नाळ वाऱ्यातून पलीकडे वळवायची, म्हणजे टॅक करायचं, की हा दांडा या बाजूचा त्या बाजूला जातो. तेव्हा वाकायचं. मेहुण्याला याची व्याख्या तोंडपाठ होती. ती तो उभ्यानेच म्हणून दाखवत होता, तेवढ्यात दांड्याने टोपी नेली. टोपी पोर्टला पडली की स्टारबोर्डला, हे सरांनी त्याला तिथल्या तिथे विचारलं. शिक्षक असावा तर असा.

वारा येतो ती बाजू विंडवर्ड, जातो ती लीवर्ड. हे फळ्यावर कुणालाच समजलं नव्हतं. दुपारी खारा वारा सुटला, होडी कलली, आणि बदलापूरकराला सकाळचा वडापाव आठवला. तो घाईघाईने विंडवर्डकडे झुकला. पुढचं सांगत नाही. लीवर्ड म्हणजे काय हे मात्र त्या क्षणापासून आम्हा सर्वांना झोपेतही सांगता येतं.

वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आम्ही चार नॉटने चाललोय, असं सर अभिमानाने म्हणाले. म्हणजे जेमतेम साडेसात किलोमीटर. शिवाजी पार्कात सकाळी पळणारे आजोबा आम्हाला मागे टाकून वर हातही करतील.

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची असते, अरुंद वाटेतली मोठी जहाजं वगैरे सोडून. मेहुणा हे ऐकून ताठ बसला. एलिफंटाहून परतणारी लाँच आमच्या रोखाने आली. वरचे प्रवासी आमचे फोटो काढत होते, चालवणारा फोनवर बोलत होता. सरांनी कुठलाही नियम न सांगता मुकाट्याने होडी वळवली.

संध्याकाळी वारा पडला. शीड पंच्यासारखं लोंबू लागलं, आणि ओहोटी आम्हाला सावकाश कुलाब्याच्या टोकाकडे न्यायला लागली. जहाजावरच्या संडासाला हेड म्हणतात, हा शब्द मला आता फार निकडीने आठवत होता. आमच्या होडीला हेड नव्हतं. मी पाय आवळून नाळेशी बसलो. सरांनी वल्हं काढलं, थोडा वेळ मारलं, ठेवलं. शेवटी ससून डॉकच्या बाजूने एक मासेमारीची होडी आली. तांडेलाने इंजिन हळू केलं आणि हात पुढे केला.

"दोर टाका, दोर!"

मेहुण्याने टोक हातात घेतलं, पण सोडेना. "दोर नाही काका, याला पेंटर म्हणतात!"

"पेंटरला बसू दे तिथंच," तांडेल म्हणाला, "तू दोर टाक."